लाल चिंधीची गाडी

त्याला आम्ही उभेराव म्हणायचो. हे त्याचं आडनाव नव्हतं. हॉस्पिटलच्या लाँड्रीत तो सव्वीस वर्षं होता आणि त्यातली बहुतेक त्याने नुसती उभं राहून काढली असं आमचं मत होतं, म्हणून उभेराव. तोंडावर म्हटलं तरी तो रागवायचा नाही. नुसता बघायचा. त्या बघण्यामुळे मला वाटायचं की हा माणूस काहीतरी लपवतोय.

मी त्या लाँड्रीत एकतीस वर्षं काढली. पहिली एकोणीस धुलाईच्या मशिनांवर, उरलेली बारा मुकादम म्हणून. धुलाईवरच्या माणसाचं गणित सरळ असतं. दार उघडायचं आणि ओल्या चादरींचा गोळा बाहेर ओढायचा. एका दारातून साठ चादरी, दिवसाला दहा-बारा दारं. घरी जाऊन जेवायला बसलं की घास उचलताना मनगट थरथरायचं. मी याला काम म्हणायचो. ज्याच्या कपाळावर घाम दिसत नाही त्याच्याबद्दल माझं मन कधी स्वच्छ नसायचं.

लाँड्री म्हणजे एक लांबट खोली. एका टोकाला धुलाईची मशिनं, मग पिळायचं मशीन, मग उभेराव, मग चादरींना इस्त्री करणारा वाफेचा मोठा रोलर, आणि दुसऱ्या टोकाला घडीचं टेबल. टेबलामागे भिंतभर कपाटं. उभेरावच्या ताब्यात चाकाच्या सहा गाड्या होत्या. पिळलेल्या चादरी त्यांत पडायच्या आणि तो एकेक गाडी रोलरकडे ढकलायचा. अंतर आठ पावलं. मी मोजलं होतं. एक गाडी ढकलून झाली की दुसरी ढकलेपर्यंत तो एका गाडीत हात घालून उभा असायचा, नजर छताकडे.

खोलीत दर पंधरा मिनिटांनी घंटा व्हायची. घंटा घडीच्या टेबलाशी टांगलेली होती आणि ती घडीवाल्या वहिनी वाजवायच्या. घंटा झाली की हलायचं ते शेपटाकडून. आधी वहिनी घड्या कपाटात ठेवून टेबल मोकळं करणार. मग रोलरवाला आपला माल टेबलावर देणार. मग उभेराव रोलरला गाडी देणार, मग पिळणारा उभेरावच्या रिकाम्या गाडीत माल टाकणार आणि सगळ्यात शेवटी धुलाईचं दार उघडणार. पुढचा मोकळा झाल्याशिवाय मागच्याने हात हलवायचा नाही. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता. एका नव्या गड्याने एकदा आपलं झालं म्हणून दार आधी उघडलं. साठ चादरी फरशीवर. सगळ्या पुन्हा धुतल्या, आणि तो नोकरी सोडून जाईपर्यंत वहिनी त्याला 'घाईभाऊ' म्हणत होत्या.

उभेराव लाँड्रीत आला तेव्हा तिशी ओलांडलेली होती. आधी तो वीटभट्टीवर होता, वडिलांच्या हाताखाली. तिथे काय करायचास, असं मी एकदा विचारलं होतं. तो म्हणाला, "विटा वाळल्या की नाही ते बघायचो." मी मनात म्हटलं, म्हणजे तिथेही उभाच. त्याने लग्न केलं नाही. का, ते त्याने सांगितलं नाही, म्हणून आम्हीच आपापले तर्क लढवले, आणि त्यांत एकही चांगला नव्हता. लाँड्रीच्या मागे कामगारांच्या चाळवजा खोल्या होत्या. तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत तो आणि त्याची मोठी बहीण राहायचे. तिला सगळे अक्का म्हणत. अक्काची नजर जवळजवळ गेली होती. खोल्या तिला हाताने पाठ होत्या. स्टोव्हपासून माठ तीन पावलं, माठापासून दार पाच. तिथे ती एकटी स्वयंपाक करायची, पाणी भरायची, कोणाचा आधार घ्यायची नाही. दुसऱ्या घरात तिला भिंत धरून चालावं लागलं असतं.

खोल्या नोकरीबरोबरच्या. नोकरी गेली की महिन्यात रिकाम्या करायच्या. पूर्ण मुदत भरून जो निवृत्त होईल त्याला मात्र हयातभर राहू देत. उभेरावची मुदत भरायला अकरा महिने होते, तेव्हा ही भानगड सुरू झाली.

नवे साहेब आले होते. येताच त्यांनी सगळ्या विभागांना विचारलं, कोणती जागा कमी करता येईल. लाँड्रीचं उत्तर द्यायचं काम कारकून बाईंकडे आलं. बाई पन्नाशीच्या, जाड चष्म्याच्या, नोंदवहीत एक आकडा चुकला तर पान बदलणाऱ्या. त्या सुट्टीच्या दिवशी कॉम्प्युटरच्या क्लासला जायच्या. तिथे शिकवत होते की एखादं काम पडद्यावर कसं चालवून बघायचं. प्रत्येक माणसाचा एक ठिपका करायचा, त्याने काय काय करायचं ते लिहून द्यायचं, आणि मग हजार वेळा घंटा वाजवायची. हजार घंटा मिनिटाभरात होतात. बाईंचं ते पहिलंच मॉडेल. विषय त्यांनी आमची लाँड्री घेतला.

साहेबांनी मला बोलावलं. टेबलावर बाईंचा कागद होता. पाच ओळी, प्रत्येकीपुढे आकडा: त्या जागी किती गाड्या थांबून राहिल्या. साहेबांनी उभेरावच्या ओळीवर पेन ठेवलं.

"हजार घंटांत याच्यापाशी एकही गाडी थांबली नाही. शून्य. याला काढून टाकून पुन्हा चालवलं, तरी कपाटात तेवढ्याच चादरी. थांबतच काही नाही तर थांबवणारा कशाला? तुमचं काय म्हणणं?"

"उभा असतो तो," मी म्हणालो.

"म्हणजे हे बरोबर आहे?"

बारा वर्षं मी जे डोळ्यांनी पाहत होतो तेच मशीन म्हणत होतं. मला आतून बरं वाटलं, हे कबूल करतो. साहेबांनी पेन पुढे केलं. 'पाहिलं, बरोबर आहे' असं लिहून मी सही केली. बाकीच्या चार ओळी मी वाचल्या नाहीत.

असली बातमी लाँड्रीत वाफेच्या आधी पसरते. दुसऱ्या दिवशी मी दारातून आत आलो तर कोणी मान वर केली नाही. उभेराव आपल्या जागी होता, गाडीत हात घालून. मी जवळून गेलो तेव्हा तो छताकडे बघत म्हणाला, "मुकादम, सही ठळक केलीत म्हणे."

"जे दिसतं त्यावर केली."

"हो. दिसतं तेवढं खरं."

मला वाटलं, हा गोड बोलून माझ्यावर डाव टाकतोय. दिवसभर मी त्याच्यावर नजर ठेवली. तो दिवसभर तसाच वागला, रोजच्यासारखा. त्यामुळे संशय आणखी वाढला.

जेवणाच्या सुट्टीत वहिनींनी मला टेबलाशी गाठलं. डबा उघडायच्या आधीच सुरू झाल्या.

"दादा, त्या कागदावर माझी पण ओळ आहे म्हणे."

"आहे की."

"काय लिहिलंय?"

मी गेलो, बाईंकडून कागदाची प्रत मागून आणली आणि प्रथमच पूर्ण वाचली. धुलाई: शून्य. पिळणी: शून्य. उभेराव: शून्य. रोलर: शून्य. घडी: शून्य.

"माझ्या टेबलावर शून्य?" वहिनींनी हाताने टेबलावरचा ढीग दाखवला. इस्त्री झालेल्या चादरी त्यांच्या खांद्याला लागत होत्या. "त्या शून्याला म्हणावं, एक दिवस ये आणि हे उचल. सव्वीस वर्षं ते उभे, आणि सव्वीस वर्षं माझं टेबल रिकामं? मग आम्ही सगळेच घरी जातो. चादरी येतील आपल्या आपण चालत."

मी हसलो नाही. वहिनींच्या टेबलावर माल साचलेला नाही अशी एकही दुपार मी पाहिली नव्हती. शून्य एकाच ओळीत असतं तर ते माझ्या मनासारखं होतं. पाचही ओळींत शून्य म्हणजे कोणीतरी खोटं बोलत होतं. आता माझा संशय बाईंवर गेला. साहेबांनी उत्तर आधी सांगितलं असेल, आणि बाईंनी त्याला जुळेल असं गणित केलं असेल. माणसं असं करतात. मी करताना पाहिली आहेत.

बाईंची खोली म्हणजे कोठाराला लागून केलेला लाकडी आडोसा. मी न विचारता स्टूल ओढून बसलो.

"बाई, ठिपके काय करतात ते मला दाखवा."

"तुम्ही सही केलीत ना?"

"केली. आता बघायचंय."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "सही आधी आणि बघणं नंतर. छान पद्धत आहे."

"यात काय घालायचं ते साहेबांनी सांगितलं होतं का?"

त्यांचे हात थांबले. "मुकादम, मी तीस वर्षं नोंदी ठेवते. कोणाच्या सांगण्यावरून मी एक रेघ मारलेली नाही. तुम्हाला तसं वाटत असेल तर दार तिकडे आहे."

मी उठलो नाही. त्यांनी रागारागाने मॉडेल सुरू केलं. पडद्यावर पाच ठिपके एका ओळीत, प्रत्येकापुढे आकडा, आणि शेवटी कपाटाचा आकडा. वर घंटांची मोजणी. मी म्हटलं, भरभर नको, एकेक घंटा करा.

काम सातला सुरू होतं. धुवायला तीन घंटा लागतात, हे बाईंनी नीट घातलं होतं. पहिली घंटा, काही नाही. दुसरी, काही नाही. तिसऱ्या घंटेला धुलाईचं दार उघडलं आणि त्याच घंटेला कपाटाचा आकडा हलला.

"थांबा," मी म्हणालो. "किती वाजले?"

त्यांनी हिशेब केला. "पावणेआठ."

"पावणेआठला कपाटात धुतलेली चादर? बाई, एकतीस वर्षांत पावणेनऊच्या आत पहिली चादर कपाटात गेलेली नाही. पिळायला एक घंटा, उभेरावपाशी एक, रोलरला एक, घडीला एक. तुमच्याकडे दार उघडलं की चादर उडत जाते काय?"

बाई पुढे सरकून पडद्याजवळ गेल्या. मग म्हणाल्या, "आकड्यांवरून कळत नाही. एक गाडी वेगळी करते." त्यांनी एका गाडीला लाल रंग दिला आणि मॉडेल पुन्हा पहिल्यापासून लावलं. तिसरी घंटा झाली. लाल खूण धुलाईपाशी दिसली आणि बोट उचलेपर्यंत कपाटात होती. मधल्या चार जागा तिने एकाच घंटेत पार केल्या. ओली चादर एका घंटेत पिळून, इस्त्री होऊन, घडी होऊन आत. असं झालं असतं तर माझं मनगट शाबूत राहिलं असतं.

"प्रत्येक ठिपक्याला काय सांगितलंय?" मी विचारलं.

"समोर असेल ते घे, आपलं काम कर, पुढच्याला दे."

"बरोबर आहे. आणि आधी कोण करतो?"

"सगळे एकदमच की. एका घंटेत सगळे."

"एकदम काही होत नाही. खोलीत एकदम होत नाही, तर यात कसं होईल? कोणीतरी आधी हलतो."

बाईंनी क्लासची वही काढली. पानं उलटली, एका ठिकाणी थांबल्या. त्यांचा चेहरा उतरला. नोंदवहीत चूक सापडल्यावर उतरायचा तसा.

"ठिपके ज्या क्रमाने लिहिले त्या क्रमाने ते एकामागून एक हलतात," त्या म्हणाल्या. "मी एक ते पाच लिहिले. दारातल्या पाटीवर बिल्ले लावलेत तसे."

दारातल्या पाटीवर हजेरीचे पितळी बिल्ले कामाच्या ओळीने टांगलेले असत. डावीकडे धुलाई, उजवीकडे घडी. बाई रोज सकाळी तीच पाटी बघून नोंद करायच्या. घंटेच्या वेळी खोलीत त्या कधी आल्या नव्हत्या. त्यांना काय माहीत की खोली उलटी चालते. त्यांच्या मॉडेलमध्ये धुलाईवाला आधी हलायचा आणि माल पुढे द्यायचा. मग पिळणाऱ्याची पाळी, त्याच्यापुढे माल हजर. मग उभेराव, मग रोलर, मग घडी, आणि प्रत्येकाला मागच्याने नुकतंच दिलेलं आयतं मिळायचं. एका फेरीत माल या टोकाहून त्या टोकाला. कोणापाशी काही थांबायचा प्रश्नच नाही. पाच शून्यं तिथून आली होती.

"घडीला पहिली पाळी द्या," मी म्हणालो. "मग रोलर, मग उभेराव, मग पिळणी. धुलाई शेवटी. आमच्याकडे शेपूट हलल्याशिवाय डोकं हलत नाही."

त्यांनी ओळ उलटी लिहिली. लाल गाडी आता घंटेला एक जागा सरकू लागली आणि पावणेनऊला कपाटात गेली. बाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही, पण म्हणाल्या, "चहा घेणार?"

ती चूक गेल्यावर तिच्याखालची दुसरी वर आली. मॉडेलमध्ये आधी कुठे काही थांबतच नव्हतं, त्यामुळे एका घंटेत किती गाड्या घ्यायच्या हे बाईंनी कोणाला सांगितलंच नव्हतं. समोर असेल ते सगळं. मी सांगितलं, रोलर घंटेला एकच गाडी घेतो आणि मोठ्या मशिनाचं दार उघडलं की एकदम दोन गाड्यांचा माल येतो. ते घातल्यावर उभेरावपाशी एक, दोन, तीन, कधी चार गाड्या थांबू लागल्या. मग त्याला काढून चालवलं. चाळिसाव्या घंटेच्या आत पिळायचं मशीन भरून अडलं, आणि त्याच्यामागे धुलाईचं दार बंदच राहिलं.

चहा अर्धा झाला असेल. बाई म्हणाल्या, "एक राहिलं. त्याच्यापाशी चार गाड्या असल्या तर तो आधी कोणती देतो? जी आधी आली ती?"

मला माहीत नव्हतं. बारा वर्षं मुकादम, आणि माझ्या खोलीतला एक माणूस काय करतो ते मला ठाऊक नव्हतं.

उभेरावकडे जाणं मला जड गेलं. सुट्टी व्हायच्या वेळेला गेलो. गाड्या तीन होत्या. तो आपला उभा.

"यातली आधी कोणती देणार?" मी विचारलं.

"का? आणखी कुठे सही करायची आहे?"

"सांग ना."

"मुकादम, मी सांगेन एक आणि तुम्ही लिहाल दुसरं. आतापर्यंत तेच झालंय."

मी तिथेच उभा राहिलो. तोही. घंटेला तीन मिनिटं होती. शेवटी त्याने माझं मनगट धरलं, न विचारता, आणि माझा हात पहिल्या गाडीत खोल खुपसला. "ही?" मग दुसऱ्या गाडीत. "ही?" मग तिसऱ्या. माझ्या हाताला तिन्ही सारख्याच ओल्या लागल्या.

"सारख्याच आहेत," मी म्हणालो.

"पहिली अजून जड आहे. आत्ता रोलरखाली गेली तर नुसती वाफ होईल, रोलर गार पडेल, पुढच्या दहा चादरी तशाच ओल्या निघतील. तिसरी कडेने वाळायला लागलीय. आणखी एक घंटा राहिली तर सुरकुत्या निघणार नाहीत. म्हणून आधी तिसरी. पहिली थांबेल. मधली बघू."

"आधी आलेली कोणती?"

"पहिली."

"म्हणजे आधी आलेली शेवटी?"

"विटांचं तसंच असतं. आधी थापलेली वीट आधी भट्टीत जाते असं नाही. आतून ओली गेली की फुटते आणि शेजारच्या चार घेऊन जाते. वडील हात लावायचे, मी बघायचो. मग मी हात लावायला लागलो." घंटा झाली. वहिनींनी टेबल मोकळं केलं, रोलरवाल्याने माल सरकवला, आणि उभेरावने तिसरी गाडी ढकलली. आठ पावलं. परत येऊन म्हणाला, "छताकडे बघितलं की हाताला नीट कळतं. डोळ्यांनी बघत राहिलं तर हात ऐकत नाही."

हे सव्वीस वर्षांत कोणाला का सांगितलं नाही, असं मी विचारलं. तो म्हणाला, "कोणी विचारलं नाही. आणि मला वाटलं, मुकादमला माहीत असणारच."

बाईंना मी हे सांगितलं. "हे मला मॉडेलमध्ये घालता येणार नाही," त्या म्हणाल्या. "कोणी आधी हलायचं ते मला आता सांगता येतं. कोणती गाडी आधी, हे त्याच्या हाताला कळतं आणि तो हात माझ्याकडे नाही." कागदाच्या खाली त्यांनी तेवढं लिहिलं, साध्या शब्दांत.

साहेबांपुढे आम्ही दोघं गेलो. त्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले.

"सोमवारी हे मशीन सांगतं की याला काढा. गुरुवारी सांगतं की काढू नका. मधल्या काळात तुम्ही ओळ उलटी केलीत. उलटं केलं की उलटं उत्तर येतं, यात नवल ते काय? तुम्हाला हवं ते उत्तर येईपर्यंत फिरवत बसलात, असं मी का समजू नये?" मग माझ्याकडे वळले. "आणि तुम्ही तर सही केली होती."

त्यांचा संशय चुकीचा नव्हता. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच म्हटलं असतं. बाई लाल झाल्या. मी म्हणालो, "साहेब, कागदावर विश्वास ठेवू नका. माझ्यावरही नको. गाडीला चिंधी बांधा. पहिला कागद म्हणतो ती एका घंटेत पोचेल. दुसरा म्हणतो चारच्या आत नाही. उद्या सकाळी येऊन तुम्हीच मोजा."

ते आले. पावणेआठला दार उघडलं तेव्हा हातात घड्याळ घेऊन धुलाईपाशी उभे होते. चिंधी त्यांनी स्वतःच आणली होती, आम्ही काही चलाखी करू म्हणून. लाल होती. पिळून निघालेल्या चादरी ज्या गाडीत पडल्या तिच्या दांड्याला त्यांनी ती बांधली. मोठ्या मशिनाचा माल होता, दोन गाड्या झाल्या. चिंधीची गाडी आधी भरली होती. आठच्या घंटेला ती उभेरावच्या ताब्यात आली. सव्वाआठला उभेरावने दोन्हींत हात घातला आणि चिंधीची ठेवून दुसरी दिली.

"ही आधी आली होती," साहेब म्हणाले.

"हो," उभेराव म्हणाला. त्याने छताकडे बघितलं. "अजून ओली आहे."

"मी ती आत्ता द्यायला सांगितली तर?"

"देईन. तुम्ही साहेब आहात."

"द्या."

ती दुसऱ्या गाडीमागोमाग रोलरला गेली. आम्ही सगळे बघत होतो. आधी वाफेचा लोट उठला, मग रोलरच्या उष्णतेचा काटा खाली आला, मग चादरी मऊ आणि दमट बाहेर पडायला लागल्या. वहिनींनी एक उचलून साहेबांच्या हातावर ठेवली. "घ्या, घडी घाला बघू." साहेबांनी ती चाचपली आणि परत दिली. पुढच्या दोन घंटा रोलर तापायला गेल्या, आणि चिंधीच्या चादरी पुन्हा एकदा रोलरमधून काढाव्या लागल्या. त्या कपाटात गेल्या तेव्हा सव्वानऊ वाजले होते. दार उघडल्यापासून सहा घंटा.

साहेबांनी फक्त एवढंच म्हटलं, "तूर्त जागा राहू द्या." तूर्त हा शब्द मला आवडला नाही, पण तो अकरा महिने टिकला. मी त्यांच्याकडून पहिला कागद मागून घेतला, माझ्या सहीवर रेघ मारली आणि बाजूला लिहिलं, 'मी नीट पाहिलं नव्हतं.' त्यांनी तो कागद दप्तरात ठेवला. अजून असेल.

त्या दिवशी काम सुटल्यावर मी उभेरावच्या खोलीवर गेलो. तो अजून आला नव्हता. रोज मी त्यांच्या दारावरूनच कामावर जायचो, अक्काने पावलांवरून ओळखलं.

"मुकादम ना? बसा. स्टूल दाराच्या उजव्या हाताला आहे, हलवू नका." चहा ठेवत म्हणाली, "आता पुन्हा काय बघायला आलात?"

"काही नाही. सहज."

"सहज तुम्ही सव्वीस वर्षांत आला नाहीत."

चहा चांगला होता. तिने एक थेंब सांडला नाही. उभेराव आला, मला बघून दारात थांबला, मग आत आला. जागा राहिली हे त्याला माहीत होतं. मी काही बोलावं म्हणून तो थांबला होता की मी निघावं म्हणून, ते मला आजही सांगता येत नाही.

खोल्या राहिल्या, मुदत भरली. पण त्या आठवड्यानंतर उभेराव माझ्यासमोर कधी उभा राहिला नाही. मी खोलीत पाऊल टाकलं की तो गाडीतला हात काढायचा, चाकं पुसायचा, रिकामी गाडी इकडची तिकडे करायचा. घाम यावा म्हणून करायचा जणू. एकदा मी जवळ असताना त्याने घाईत ओली गाडी रोलरला दिली, मग आठवड्याने आणखी एकदा. सव्वीस वर्षांत अशी चूक त्याच्या हातून झाली नव्हती. मी म्हणालो, "अरे, उभा राहा की." तो म्हणाला, "हो मुकादम," आणि फडकं घेऊन पुसत राहिला. माझ्या तोंडून आलेला तो शब्द त्याला खरा वाटला नसावा.

मग मी रस्ता बदलला. धुलाईकडून घडीकडे जायचं तर सरळ खोलीतून न जाता मागच्या दाराने बाहेर पडायचो, बॉयलरच्या भिंतीला वळसा घालून कपाटांच्या बाजूने आत यायचो. तिथून रोलरच्या आडून तो दिसायचा, त्याला मी दिसत नसे. एक हात गाडीत, नजर छताकडे.

चौसष्ट पावलं जास्त पडायची. दिवसाला आठ-दहा खेपा. अकरा महिने.